धिरड्याची बखर

हल्ली शहरांतल्या घरांतून आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून भाज्या घातलेल्या धिरड्यांचे मोठे कौतुक चालले आहे. पालक चिरून घाला, गाजर किसून घाला, जमल्यास ढोबळी मिरचीही घाला, मुलांना कळू देऊ नका, आणि सकाळच्या पहिल्या खाण्यातच त्यांच्या पोटात मूठभर भाजी जाऊ द्या, असे त्या कौतुकाचे साधारण स्वरूप असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. धिरडे चांगलेच लागते, आणि कोणत्याही निमित्ताने ते घराघरांत जात असेल तर जावे. मात्र ही युक्ती कोणा आहारतज्ज्ञाने काल-परवा शोधून काढली, अशा थाटात ती सांगितली जाते तेव्हा शेवगाव तालुक्यातल्या माणसाला थोडे हसू येते. आमच्याकडे धिरड्यात भाजी गेली ती तब्येतीसाठी गेली नाही. पीठ पुरत नव्हते म्हणून गेली. ती कशी गेली, आणि ज्यांच्या हातून गेली त्यांच्याविषयी मोठमोठ्या साहेबांनी काय काय ठरविले, हे सांगण्याजोगे आहे.

आधी शब्दांकडे पाहू. सकाळच्या खाण्याला आपण न्याहारी म्हणतो, जरा शहरी झालो की नाश्ता म्हणतो. दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आले, आणि मौज अशी की दोहोंच्या मुळाशी उपाशी पोट आहे. रात्रीपासून ज्याने काही खाल्लेले नाही तो नाश्ता. तवा हा शब्दही तिकडचाच, असे कोशकार मानतात. अहमदनगरला १४९० पासून १६३६ पर्यंत निजामशाही नांदली, दरबारात फारसीचा वावर होता, तेव्हा असे शब्द आमच्या मुलखात चुलीपर्यंत पोहोचले यात नवल नाही. परंतु त्या तव्यावर जे पडते त्याची नावे घरचीच राहिली: धिरडे, घावन, आंबोळी, पोळा. आंबोळीच्या नावातच आंबवणे आणि पोळी दोन्ही आहेत. कोकणात तांदूळ म्हणून तेथे घावन आणि आंबोळी. देशावर बाजरी, ज्वारी आणि हरभरा म्हणून येथे धिरडे आणि थालीपीठ.

कुणब्याची न्याहारी मात्र धिरड्याची नसे. ती शेतावर जायची, दिवस चांगला वर आल्यावर फडक्यातून सुटायची, आणि तीत रात्रीची भाकरी, चटणी, कांदा असायचा. भाकरी शेतावर टिकते. धिरडे गरम आहे तोवरच खावे. गार झाले की चिवट होते. म्हणून धिरड्याचे गिऱ्हाईक चुलीपाशी राहणारे असे. लहान मुले, दात गेलेली म्हातारी, नुकती उठलेली बाळंतीण, तापातून बरा होणारा कोणी. घरातल्या कर्त्या पुरुषाचे अन्न भाकरी आणि मागे राहणाऱ्यांचे धिरडे, अशी वाटणी होती. इतिहासात कर्त्या पुरुषांचीच नोंद होते, तेव्हा धिरड्याची नोंद कमी सापडावी हे ओघानेच आले.

तरीही जुन्या काळची एक नोंद फार थोर ठिकाणी सापडते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय जाणावे, काय भोगावे, हे सांगणारा तो ग्रंथ. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात मांडे आहेत, पुरणपोळीची आजी शोभेल अशी वेष्टिका आहे, आणि ‘धोसक’ही आहे. डाळीच्या वाटणाला मसाल्याचा संस्कार करून, तेल माखलेल्या तापल्या पात्रावर ते भाजावे, असा त्याचा विधी. दक्षिणेकडचे अभ्यासक यात दोशाचे मूळ पाहतात. पाहोत. पण त्या धोसकात तांदूळ नाही, सारा कारभार डाळीचा आहे. तेव्हा तो डोशापेक्षा आपल्या डाळीच्या धिरड्याच्या जवळचा नातेवाईक, असे मला वाटते. त्यात मिरचीही नाही, कारण मिरची तेव्हा या देशात नव्हतीच. १४९८ नंतर पोर्तुगीजांची जहाजे येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर अमेरिकेतली मिरची आली. टोमॅटो, बटाटा, मका, ढोबळी मिरची ही सारी मंडळीही मूळची तिकडचीच. सोमेश्वराचा तिखटपणा मिऱ्याचा आणि हिंगाचा होता.

पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास, व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने, रघुनाथपंडित नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले. धान्यांचे आणि पालेभाज्यांचे गुणदोष सांगणारा हा ग्रंथ संस्कृतात असला तरी त्यात घरगुती मराठी नावे मोकळेपणी येतात. मायदेशापासून इतक्या लांब गेलेला मराठी माणूसही भाजीला तिच्या घरच्या नावानेच ओळखत होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी अशा पोथ्या चाळून खाद्यपदार्थांचा इतिहास लावण्यात अर्धे आयुष्य घालविले. त्यांच्याआधी या विषयाला इतिहास म्हणण्यास फारसे कोणी तयार नव्हते.

पोथ्यांतून चुलीकडे यायचे तर आधी जात्याकडे आणि खापराकडे पाहावे लागते. आमच्या शेजारचा तालुका नेवासे. तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच नेवाशास १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी उत्खनन केले आणि प्रवरेच्या काठी माणसाची वस्ती किती मागे जाते ते दाखविले. सांकलियांचे मन हत्यारे आणि नाणी यांतच रमत नसे. १९५९ साली त्यांनी भारतातल्या फिरत्या जात्यांवर एक निबंध लिहिला. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास हे गोल जाते आपल्याकडे आले. त्याआधी बायका दगडावर दगड पुढेमागे ओढून धान्य भरडीत होत्या. म्हणजे पहाटे उठून गरगर जाते ओढण्याची गोष्ट आपल्याला अनादि वाटते, ती फार तर दोन हजार वर्षांची. ती बंद झाली ती मात्र आमच्या आज्यांच्या देखत. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते दाराआड गेले. हेमा रायरकर आणि गी पॉयत्वँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या नसत्या तर त्या पहाटेचा आवाजही आपल्यापाशी उरला नसता.

खापराची गोष्ट तर ज्ञानदेवांच्याच चरित्रात येते. मुक्ताबाईस मांडे भाजावयाचे होते, विसोबा चाटीने कुंभारांना खापर देऊ दिले नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त करून आपली पाठ पुढे केली, अशी ती कथा. भाविकांनी तीतला चमत्कार घ्यावा. मला तीत गावगाडाही दिसतो. कुंभार हा बलुतेदार. त्याने खापर दिले नाही की घरात पोळी भाजणे बंद. वाळीत टाकलेल्या घराची कोंडी कोठून करता येते हे विसोबाला बरोबर ठाऊक होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या पुस्तकात बलुत्याची ही सारी यंत्रणा वाचावयास मिळते, आणि ती वाचताना सारखे जाणवते की चुलीवरच्या तव्याला गावाची परवानगी लागत असे.

आता धिरड्याच्या पिठाकडे येऊ. येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण खरा इतिहास येथेच आहे.

भाकरी थापता येते ती पिठाला विरी असते म्हणून. विरी हा शब्द शहरातल्या मुलांना आता समजत नाही. ताज्या दळलेल्या ज्वारी-बाजरीच्या पिठाला कढत पाणी घालून मळले की जो चिकटपणा येतो, ती विरी. गव्हाच्या कणकेतला ताण या धान्यांत नसतो, सारी मदार विरीवर. पीठ आठ-पंधरा दिवस पडून राहिले की विरी जाते. मग भाकरी थापता थापता कडेने फाटते आणि उचलताना मोडते. बाजरीचे पीठ तर तेवढ्यात कडूही होऊ लागते. धान्य किडके असले, भिजून वाळलेले असले, तरी हाच प्रकार. ज्यांच्या घरी कणगी भरलेली, त्यांना रोज ताजे दळून घेता येई. ज्यांच्याकडे उसने आणलेले, मजुरीत मिळालेले, थोडेथोडे साठलेले पीठ, त्यांच्या पिठाची विरी गेलेली असायचीच. असे पीठ टाकून कसे देणार? त्यात पाणी जास्त घालायचे, मूठभर हरभऱ्याचे नाहीतर हुलग्याचे पीठ मिसळायचे आणि तव्यावर ओतायचे. थापता येत नाही ते ओतता येते. धिरड्याचा जन्म असा अडचणीतून झाला असावा असे माझे मत आहे. सोमेश्वराच्या धोसकाशी त्याचे गोत्र जुळते, पण वाढले ते विरी गेलेल्या पिठावर.

मिसळीचे पीठ घरात असे त्याचे कारण शेतात मिसळ असे. आमच्या भागात बाजरीत तुरीची तासे पडत, मटकी, हुलगा, मूग त्यांच्या सोबतीला. रब्बीत ज्वारीला करडईचे पाटे. खळ्यावरून धान्य वेगवेगळे येई खरे, पण उरलेसुरले, झाडलोट केलेले, एकत्रच दळले जाई. थालीपिठाची भाजणी हे त्याच मिसळीचे सुगृहिणीच्या हातचे, भाजून-निवडून केलेले, खात्यापित्या घरचे रूप.

आणि भाजी? ती शेतातच उभी असे, फक्त तिला कोणी पेरलेले नसे. पावसाळ्यात बाजरीची खुरपणी सुरू झाली की बायका तण काढता काढता खाण्याजोगे वेगळे काढून ओट्यात टाकीत: तांदुळजा, पाथरी, घोळ, चिवळ, कुर्डू. हिवाळ्यात करडईची कोवळी पाने, हरभऱ्याचे शेंडे, चाकवत. परसात एखादा शेवगा, आणि आमच्या गावाचे नाव ऐकले की शेवगा आठवतोच. शेंगा बाजारात जात, पाला घरात राही. संध्याकाळी ओट्यातली भाजी निवडायची; पुरेशी असली तर तिची भाजी, नसली तर सकाळी बारीक चिरून पिठात. एक वाटी पिठाची जेथे दोन धिरडी व्हायची तेथे भाजीने तीन होत. लसूण, मिरची, ओवा, मीठ. तव्याला तेल लावायचे ते अर्धा कापलेला कांदा तेलात बुडवून, कारण ओतण्याइतके तेल कोणाकडे होते? त्या कांद्याचा वासही धिरड्याला लागे, हा वरचा फायदा. पहिले धिरडे तव्याला चिकटायचे हे ठरलेलेच. ते करणारीच्या वाट्याला.

सणावारांनी मात्र या पदार्थाला निरनिराळी वागणूक दिली. नागपंचमीला तवा चुलीवर चढत नाही, काही चिरावयाचे नाही, तेव्हा धिरडे त्या दिवशी हद्दपार आणि उकडलेली दिंडे राजगादीवर. गौरीच्या नैवेद्याला कित्येक घरांत घावन-घाटले. गुळवण्याबरोबरची गोड धिरडी पाहुण्यांसाठी. पण भाजी घातलेल्या तिखट धिरड्याला एकाही सणाने बोलावलेले मला आढळले नाही. मिसळीच्या भाजीला भोगीच्या दिवशी मान आहे, बाजरीच्या भाकरीला तीळ लावून तिच्या शेजारी बसविले आहे. धिरडे तेथेही बाहेरच.

येथे एका मोठ्या वादाची आठवण होते. १८७६ साली पाऊस गेला आणि दख्खनचे जिल्हे दुष्काळाने होरपळले. नगर जिल्ह्यातून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग, जो १८७८ साली सुरू झाला, त्याच्या मातीकामावर दुष्काळी मजूर राबले. हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी मुलूख पाहण्यास पाठविले. १८७७ च्या आरंभी टेंपलसाहेबांनी हिशेब केला की मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढी मजुरी पुरे. एक पौंड म्हणजे आजचे साडेचारशे ग्रॅम, तेही दिवसभर खडी आणि माती वाहून. मद्रासचे आरोग्य-आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी या मानाला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की धान्य दीड पौंड तरी हवे, आणि नुसत्या धान्यावर माणूस जगत नाही. त्याला डाळ हवी, भाजी हवी. दख्खनमधल्या कामांवर हजारो मजुरांनी या मजुरीवर राबण्याचे नाकारले आणि कामे सोडून ते चालते झाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्याच वर्षी टेंपलसाहेब मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

गरिबाला भाजी लागते की नाही, हा प्रश्न एका साम्राज्याच्या दफ्तरात असा वादाचा झाला होता. ज्या बायका त्या कामांवर होत्या त्यांना त्याचे उत्तर कॉर्निशसाहेबांच्या आधी कित्येक पिढ्या ठाऊक होते. पण दुष्काळात तणही उगवत नाही. खुरपणीच नाही तर ओट्यात काय येणार? साध्या वर्षी पिठाची तूट भाजीने भरून निघे. दुष्काळात पीठ आणि भाजी दोन्ही एकदम जात. म्हणून कामावरचे ते एक पौंड धान्य कागदावर दिसते त्याहूनही कमी होते.

१९७२ चा दुष्काळ आमच्या आयांनी पाहिला. माझी आई तेव्हा पोरसवदा होती आणि खडी फोडण्याच्या कामावर जात होती. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, रस्ते झाले. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिलो. तिच्याविषयी त्या पिढीतल्या कोणत्याही बाईला विचारावे, ती पहिली गोष्ट सांगेल की तिला विरी नव्हती. भाकरी तव्यापर्यंत पोहोचत नसे. आई म्हणते, आम्ही तिची धिरडीच घालायचो. त्यात घालायला काही असले तर घालायचो, नाहीतर नुसते मीठ. त्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली. तिचा कायदा १९७७ चा, आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. टेंपलच्या पौंडापासून हमीच्या हक्कापर्यंत यावयास शंभर वर्षे लागली.

स्वयंपाकाच्या छापील पुस्तकांविषयी येथे फार लिहीत नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, म्हणजे त्या मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. वाटी-चमच्याच्या मापाने तिने हजारो नव्या संसारांना हात दिला. ही पुस्तके मोलाची आहेत. पण कोणतेही पाकपुस्तक डब्यांत जिन्नस आहेत असे धरूनच लिहिले जाते. जिन्नस नाहीत तेव्हा काय करावे, ही विद्या तोंडीच राहिली.

शास्त्राने मात्र या तोंडी विद्येला पुढे चांगली साक्ष दिली. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि डाळींत तो भरपूर. डाळींत जे कमी ते धान्यांत बऱ्यापैकी. दोन्ही एका तव्यावर आली की एकमेकांची उणीव भरून निघते. १९६० साली हैदराबादच्या संशोधनशाळेतले डॉ. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी, प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दिसणाऱ्या पेलाग्रा या त्वचेच्या रोगाचा संबंध ज्वारीतल्या ल्यूसिनशी जोडला. त्यावर पुढे वाद झाले, परंतु एकाच धान्यावर विसंबणाऱ्याचे शरीर दगा देते एवढे त्यातून स्पष्ट झाले. हिरव्या पाल्यातून अ जीवनसत्त्वाचे मूळद्रव्य मिळते, आणि लहान मुलांच्या डोळ्यांना त्याची गरज किती हे आता अंगणवाडीतही सांगतात. मुठीभर हुलग्याचे पीठ आणि ओट्यातला तांदुळजा यांनी हे काम किती घरांत निमूटपणे केले, याचा हिशेब कोठेही मांडलेला नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा ज्वारी-बाजरीच्या वाट्याला भाषणे आली.

भाषणे झाली तेव्हा आमच्या शिवारात काय होते? पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली, १९७६ साली ते पुरे झाले. त्याच्या फुगवट्यात आमच्या तालुक्यातल्या जमिनी गेल्या, आणि ज्यांच्या राहिल्या त्यांतल्या पुष्कळांना पाणी मिळाले. ऊस आला, कपाशी वाढली. त्यांनी पैसा दिला, मुलांची शिक्षणे झाली, हे मी नाकारीत नाही. पण कपाशीत तुरीची तासे दिसली तरी हुलगा दिसत नाही, आणि खुरपणीची मजुरी परवडत नाही म्हणून तणनाशकाचा पंप पाठीवर येतो. तणनाशकाला तांदुळजा आणि गवत यांतला फरक ठाऊक नाही. बाई खुरपे घेऊन बसली होती तोवर तो फरक जिवंत होता. आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे घराघरांतून जमवून जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी जपले ते पेरायचे बी. जे कोणीच पेरीत नव्हते, त्या पाथरीचे आणि घोळीचे बी कोण जपणार, हा वेगळाच प्रश्न आहे.

शाळेत मुलांना न्याहारीला काय खाल्ले म्हणून विचारले तर बहुतेक हात चहा-बिस्किटासाठी वर होतात. गाजर-पालकाची धिरडी शहरात मुलांच्या डब्यात जातात त्याच वर्षी, त्याच जिल्ह्याच्या कोरडवाहू टोकाला बिस्किटाचा पुडा न्याहारी झाला आहे. बाराच्या सुमारास पोषण आहाराची खिचडी शिजते तोवर तीच त्यांची शिदोरी.

पाथरी आता बाजारात येते. गेल्या श्रावणात आठवडे बाजाराच्या कडेला एक म्हातारी गोणपाटावर तिच्या लहान जुड्या मांडून बसली होती. दहा रुपयांना एक. बांधावरून खुडून आणली, म्हणाली, आता आत शेतात मिळत नाही. नवी कोरी मोटारसायकल लावून एक तरुण जोडपे थांबले, बाईने जुडी उलटसुलट करून पाहिली आणि हिचे काय करतात म्हणून विचारले. म्हातारीने जुडी तिच्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, “बारीक चिर, डाळीच्या पिठात घाल, लसूण घाल. पातळ करू नको लई.”